पर्लाईट: ज्वालामुखीची लाही आणि आपला हिशेब



हरितगृहाचे अंदाजपत्रक दाखवायला जो तो आमच्याकडे येतो, त्याच्या यादीत एक ओळ बहुधा असतेच: पर्लाईट, इतकी पोती. हे काय, असे विचारले तर "परदेशी खत" असे उत्तर मिळते. ते खत नाही. त्यात नत्र नाही, स्फुरद नाही, आणि जो काही पालाश आहे तो काचेत कोंडलेला, पिकाच्या उपयोगाचा नाही.

कोल्हापुरात या नावाने आणखी एक घोटाळा होतो. शिरोलीच्या फौंड्रीतल्या माणसाला पर्लाईट म्हटले की बिडाच्या आतली रचना आठवते. ती निराळी. दोन्ही नावे मोत्यावरून पडली, इतकेच नाते. आपले पर्लाईट फौंड्रीतही जाते म्हणा, पण वितळलेल्या लोखंडावरचा स्लॅग गोळा करायला.

हा ज्वालामुखीचा दगड, खरे तर काच. तुम्ही म्हणाल, सह्याद्रीही ज्वालामुखीचाच. खरे आहे. पण आपला काळा पाषाण पातळ लाव्ह्याचा, दूरवर वाहत गेलेला. पर्लाईटचा लाव्हा घट्ट, त्यात सिलिका 70 ते 75 टक्के. तो झटकन निवून काच झाला आणि पुढे त्या काचेत पाणी मुरले. हे 2 ते 5 टक्के पाणी हेच त्याचे मर्म. दगड भरडून 850 ते 900 अंश सेल्सिअसच्या भट्टीत टाकला की काच मऊ पडते, पाण्याची वाफ होते आणि ज्वारीची लाही फुटावी तसा दाणा फुगतो. मूळच्या 4 ते 20 पट. पन्हाळ्याचा दगड कितीही तापवा, त्याची लाही होणार नाही.

मोठ्या खाणी ग्रीसच्या मिलोस बेटावर आणि तुर्कस्तानात आहेत. गुजरातेत राजकोट जिल्ह्यातल्या ओशम डोंगरातही हा दगड सापडतो. फुगल्यावर 100 लिटरचे पोते जेमतेम 10 किलोच्या आसपास भरते. म्हणजे ट्रकभाडे आपण हवेचे भरतो! एकेकट्याने दोन-दोन पोती आणण्यापेक्षा दहा जणांनी मिळून गाडी भरावी. भाव लिटरवर ठरवा. किलोवर घ्याल तर ओल्या पोत्यात पाण्याचे पैसे मोजाल.

आता उपयोग. मुळाला पाणी लागते तशी हवाही लागते. ट्रेच्या चिमुकल्या कप्प्यात नुसता कोकोपीट दाबून बसला की हवा संपते आणि रोप कुजते. तिथे पर्लाईट कामाचे. 3 भाग धुतलेला कोकोपीट, 1 भाग पर्लाईट, 1 भाग व्हर्मिक्युलाईट हे प्रमाण रोपवाटिकांत रुळलेले आहे. एकरी 6,000 टोमॅटोची रोपे धरा. 98 कप्प्यांचे 62 ट्रे, ट्रेला सुमारे 3 लिटर मिश्रण. त्यात पर्लाईट 40 लिटरही लागत नाही. एका पोत्यात अडीच एकरांची रोपे होतात.

हेच शेतात टाकायचे म्हटले तर? एकराचा 15 सेंटिमीटरचा थर म्हणजे 6 लाख लिटर माती. तिच्या दहाव्या हिश्शाने टाकायचे तर 600 पोती! शिरोळच्या चिबड रानात "पर्लाईट टाका, जमीन भुसभुशीत होईल" असे सांगणारे विक्रेते आम्ही पाहिले आहेत. तिथे दुखणे निचऱ्याचे आहे. त्याला चर आणि जमिनीखालची सच्छिद्र नळी हाच इलाज, आणि शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या क्षेत्रात ते काम झालेलेही आहे.

जरबेऱ्याच्या लाल मातीच्या वाफ्यांतही आम्ही पर्लाईट सुचवत नाही. शेणखत आणि भाताचे तूस पुरते. आजरा-चंदगडच्या गिरण्यांत तूस मिळते. ते अर्धवट जाळून काळे करा, धुवा, मग ट्रेमध्येही थोडे वापरून बघा. मात्र आधी चार ट्रेवर, सगळ्या रोपांवर नव्हे.

पर्लाईटची धूळ वाईट. पोते फोडण्याआधी आत पाणी शिंपडा आणि नाकातोंडाला फडके बांधा. मिश्रण कालवायला बहुधा बायाच असतात, त्यांना हे आधी सांगा. ते कुजत नाही, म्हणून नुसते पर्लाईट भरलेल्या कुंड्यांतला माल वाफ देऊन पुन्हा वापरता येतो.

अंदाजपत्रकात मातीच्या वाफ्यांसाठी पर्लाईट लावले असेल, तर कर्जाचा कागद सही करण्याआधी तेवढी रक्कम वगळून मागा. सल्लागार अडला, तर त्याला 600 पोत्यांचा हिशेब त्याच्याच कागदावर करून दाखवा. जमले नाही तर कागद घेऊन तालुक्याच्या बैठकीला या, आम्ही बरोबर येतो.