मिळवती आणि कर्ती

मराठीत 'घरचा कर्ता' असा एक शब्दप्रयोग आहे. एखाद्या कुटुंबातील प्रमुख पुरुष गेला, की समाचाराला येणारी माणसे "घरचा कर्ता गेला हो" असे म्हणून हळहळतात. ह्या एका शब्दात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. जो मिळवून आणतो तो कर्ता, आणि ज्याच्या शब्दाने घर चालते तोही कर्ता. पिढ्यान् पिढ्या ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे राहिल्यामुळे त्यांची फारकत करण्याचा प्रसंग आपल्या भाषेवर आला नाही. पुढे स्त्री पैसे मिळवू लागली. तिला आपण 'मिळवती' म्हणू लागलो, 'कमावती' म्हणू लागलो. 'कर्ती' हा शब्दही आपल्याकडे आहे; परंतु "मुलगी आता कर्तीसवरती झाली" असे म्हणताना आपल्या मनात तिचे वय आणि तिचा कामाचा उरक असतो, घरातील तिचा अधिकार नसतो.

संसारात आपण नवऱ्याहून अधिक मिळवावे किंवा घराचा मुख्य आधार आपणच व्हावे, ह्याविषयी आजच्या तरुण मुलींना काय वाटते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचा विचार करू लागले, की मिळवती आणि कर्ती ह्या दोन शब्दांमधील अंतर वारंवार आडवे येते.

लग्नाची बोलणी चालू असलेल्या घरांत हल्ली एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलगी चांगली शिकलेली असते, तिला उत्तम पगार असतो, आणि तरीही "मुलगा माझ्याहून थोडा अधिक मिळवणारा असावा" असे ती म्हणते. यावर घरातील एखादे काका किंवा मामा हसून म्हणतात, "समतेच्या एवढ्या गोष्टी करता, मग जास्त मिळवणाराच नवरा कशाला हवा?" हा टोमणा वरवर बिनतोड वाटतो. परंतु मुलीच्या ह्या म्हणण्यात लोभ किंवा आळस पाहणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय. तिने काही पाहिलेले असते, काही ऐकलेले असते, आणि त्यावरून आपल्यापुरता हिशेब मांडलेला असतो. तो हिशेब समजून घेतला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. घर चालवणारी स्त्री ही काही आजच्या शहरी नोकरीने निर्माण केलेली नवलाई नव्हे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचा संसार त्यांच्या स्वतःच्या हातांवर उभा होता. अशाच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि पुष्कळांना पुन्हा गिरणीत जाता आले नाही. त्या काळात भाजी विकून, धुणीभांडी करून, डबे पोचवून अनेक घरे बायकांनी तगवली. त्यांना कोणी विचारले नाही, की नवऱ्याहून अधिक मिळवणे तुम्हांस रुचते काय. गरज होती आणि त्या उभ्या राहिल्या. आवडनिवड विचारण्याची सोय मध्यमवर्गाला मिळाली, म्हणून हा प्रश्न मुख्यतः मध्यमवर्गाचा झाला.

मध्यमवर्गाने तो प्रथम आपल्या नाटकांतून आणि चित्रपटांतून बोलून दाखवला. मो. ग. रांगणेकर यांचे 'कुलवधू' हे नाटक १९४२ साली रंगभूमीवर आले. त्यातील भानुमती चित्रपटात काम करू लागते, पैसा आणि कीर्ती मिळवते, आणि तिच्या यशाबरोबर पतिपत्नींतील ताणही वाढत जातो. बंगालमध्ये ऋत्विक घटक यांनी १९६० साली 'मेघे ढाका तारा' काढला. फाळणीमुळे निर्वासित झालेल्या एका कुटुंबातील थोरली मुलगी सर्वांचे पोट भरते, आणि तिच्या मिळकतीची सर्वांना इतकी सवय होते, की तिचे स्वतःचे आयुष्य कोणाच्या हिशेबातच उरत नाही. सत्यजित राय यांचा 'महानगर' १९६३ सालचा. त्यातील आरती विणकामाची यंत्रे विकण्याची नोकरी धरते. ती मिळवू लागते, पण तिचे शिक्षक सासरे त्या पैशाला हात लावीत नाहीत. ते आपल्या जुन्या विद्यार्थ्यांकडे मदत मागावयास जातात. नवरा तिला नोकरी सोडावयास सांगतो. आणि ती राजीनामा देणार तेवढ्यात त्याची बँक बुडते व तोच तिला थांबवतो. सुनेने मिळवलेल्या पैशाची लाज वाटते आणि त्याच पैशाची गरजही असते, ही कोंडी रायांनी किती नेमकी ओळखली होती!

ह्या तिन्ही कथांतील नायिका मिळवत्या आहेत. कर्तेपण मात्र त्यांपैकी एकीच्याही पदरी सहजपणे पडलेले नाही.

आता कायद्याकडे वळू. जुन्या धर्मशास्त्रात कात्यायनाच्या मते स्त्रीने शिल्पाने, म्हणजे आपल्या हातच्या कसबाने, मिळवलेल्या धनावर पतीचे स्वामित्व असे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हे चित्र पालटले. स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेली मालमत्ता हिंदू स्त्रीच्या संपूर्ण मालकीची होय, हे त्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने मान्य केले. त्याच्या आदल्या वर्षीच्या हिंदू विवाह कायद्याने तर पोटगी मागण्याचा हक्क पतीलाही दिला. पत्नी मिळवती आणि पती तिच्यावर अवलंबून, अशा संसाराची शक्यता १९५५ साली कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरली होती. सामर्थ्य असलेल्या विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितले. आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांप्रमाणे जन्मसिद्ध हक्क दिल्यानंतर, घरातील ज्येष्ठ मुलगी एकत्र कुटुंबाची 'कर्ता' होऊ शकते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला.

एवढे झाले, तरी त्याच १९५६ च्या कायद्यातील पंधरावे कलम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतः मिळवलेली मालमत्ताही तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण ह्याच स्वरूपाचे होते. लग्नानंतर तीन महिन्यांतच त्या स्त्रीचा पती वारला होता आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले होते. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, आणि जन्मभर मिळवलेले धन मागे ठेवून गेली. ते धन न्यायालयाला पतीच्या नातलगांना द्यावे लागले, कारण कलमाचे शब्द स्पष्ट होते. ज्या मुली आज मिळवत आहेत त्यांनी वेळीच मृत्युपत्र करून ठेवावे, हा ह्यातून घ्यावयाचा साधा बोध आहे. तथापि तरुण वयात कोणी हा विषय काढला, की आपल्याकडे ते अशुभ मानतात.

कायद्याइतकेच महत्त्व दिवसाच्या तासांना आहे. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीप्रमाणे पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ साली शेकडा २३.३ होते, २०२३-२४ मध्ये ते शेकडा ४१.७ झाले. घरच्या शेतीत आणि धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बायकांचीही गणना ह्यात होते, म्हणून ह्या वाढीवर फार हुरळून जाण्याचे कारण नाही. आता दुसरी पाहणी पाहा. २०२४ च्या वेळवापर पाहणीत असे दिसले, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटे खर्च करतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे स्त्रीचे जवळजवळ पाच तास आणि पुरुषाचा दीड तास. आणि ज्या पुरुषांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नाही, ते ह्या सरासरीत धरलेलेही नाहीत.

मुलीचा हिशेब इथून सुरू होतो. ती म्हणते, "बाहेरचे काम मी करीन, घराचा हप्ता मी भरीन, पण मग ते पाच तास कोण वाटून घेणार?" तिला आठवते, की तिची आई कचेरीतून आल्यावर पदर खोचून थेट स्वयंपाकघरात जात असे आणि वडील वर्तमानपत्र उघडत. तिला हेही ठाऊक असते, की मूल झाले म्हणजे काही काळ नोकरीत खंड पडेल. २०१७ साली प्रसूतीची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु रजा संपल्यावर मूल कोणाकडे ठेवावयाचे, हा प्रश्न रजेने सुटत नाही. अशा वेळी घरात दुसरा भक्कम पगार असावा, असे तिला वाटले, तर ती दूरदृष्टी आहे. तिची चिंता अधिक मिळवण्याविषयी नसतेच. अधिक मिळवूनही बाकीचे काहीच बदलणार नाही, ही तिची चिंता असते.

तिला आणखी एका गोष्टीची धास्ती असते, ती म्हणजे लपवालपवीची. अधिक मिळवणाऱ्या कितीतरी मुली नातेवाइकांत आपला पगार मोघम सांगतात; बढती मिळाली, तर पेढे वाटण्याआधी नवऱ्याची मनःस्थिती पाहतात. हा केवळ आपल्याच समाजाचा दोष आहे, असे मात्र समजू नये. २०१८ साली अमेरिकेच्या जनगणना खात्यातील दोन संशोधकांनी कुटुंबांनी पाहणीत सांगितलेली मिळकत त्यांच्या कराच्या नोंदींशी ताडून पाहिली. पत्नी पतीहून अधिक मिळवते अशा घरांत पत्नीची मिळकत खऱ्याहून कमी आणि पतीची खऱ्याहून अधिक सांगण्याकडे कल असल्याचे त्यांना आढळले. श्रीमंत आणि पुढारलेल्या देशातही ही भीड सुटलेली नाही. परंतु जो पैसा मिळवल्याबद्दल माणसाला सतत दिलगीर राहावे लागते, तो पैसा त्याला सुख देत नाही, हे कोणत्याही देशात खरेच असावयाचे.

ह्या बाबतीत पुरुषाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. 'बायकोच्या जिवावर जगणारा' ही शिवी आपण फार सहज देतो. 'घरजावई' ह्या शब्दातला उपहास अजून ओसरलेला नाही. नोकरी गेलेला किंवा कमी पगारावर मनाजोगते काम करणारा एखादा सज्जन पुरुष घरी मुलांना जेवू घालतो, त्यांचा अभ्यास घेतो, आणि शेजारपाजारच्या दृष्टीने तो 'काहीच करीत नाही'. जे काम बायको करते तेव्हा कर्तव्य ठरते, तेच नवऱ्याने केले तर निरुद्योगीपणा कसा ठरतो? मिळकतीवरून पुरुषाची किंमत करावयाचे आपण जोवर सोडत नाही, तोवर अधिक मिळवणारी पत्नी त्याला आपल्या पराभवासारखी वाटत राहणार, आणि त्याची झळ तिलाही लागणार.

म्हणून, श्रोतेहो, तरुण मुलींशी ह्या विषयावर बोलताना "तुला अधिक मिळवणे आवडेल का?" असा प्रश्न करण्यात फारसा अर्थ नाही. त्यांच्यातील काहीजणी ते आनंदाने करतील, काहीजणी गरज पडल्यास करतील, काहींना तो भार नको असेल. आणि ह्या तिन्ही उत्तरांना सारखाच मान दिला पाहिजे. मुलांनाही तीच मोकळीक हवी. विचारावयाचे ते असे: पगार दोघांनी एकमेकांस खरा सांगावयाचा की नाही? एकाची बदली झाली, तर कोणी कोणामागे जावयाचे, हे कशावरून ठरवावयाचे? तिच्या आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च तिच्या पगारातून होईल, तेव्हा तो उपकार म्हणून मोजला जाईल काय? संध्याकाळचा स्वयंपाक, मुलाचे आजारपण, पाहुण्यांची सरबराई ही कामे कोणाच्या नावावर राहतील? घर तिच्या पैशाने घेतले, तर कागदावर नाव कोणाचे? पत्रिका जुळवण्यास आपण जेवढा वेळ देतो, त्याच्या निम्मा वेळ जरी ह्या पाच प्रश्नांना दिला, तरी पुढचे पुष्कळ मनस्ताप टळतील.

आपल्या मुलींना आपण शिकवले आणि मिळवते केले. पुष्कळ घरांत आज त्यांच्याच पगारावर चूल पेटते. तरीही निर्णयाची वेळ आली, की आपण सवयीने दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडाकडे पाहतो. अशा घरी यापुढे जाल, तेव्हा घराविषयीची गोष्ट त्या मुलीलाही विचारून पाहा. ती उत्तर देईल. आणि शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या खांद्यावरचेही ओझे त्यामुळे थोडे उतरेल.