हरणाचा पत्ता

मागच्या आठवड्यात रात्री यूट्यूबवर भलतंच बघत बसलो होतो. अमेरिकेतली व्हाइटटेल हरणांची शिकार. तो माणूस सारखा 'स्क्रेप, स्क्रेप' म्हणत होता. चाकणला स्क्रॅप म्हटलं की भंगार, आमच्या ऑफिसात स्क्रेप म्हणजे वेबसाइटवरून डेटा ओढणं. इथे तिसरंच निघालं.

तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हरणांचा माजाचा काळ असतो. नर एखाद्या खाली झुकलेल्या फांदीखाली पाला सारतो, खुरांनी माती उकरतो, त्यावर मुततो, फांदी चाटतो, तिला तोंड घासतो. म्हणजे वासाचा निरोप ठेवून जातो. बाकीची हरणं येऊन तो हुंगतात, बहुतेक रात्रीच. शिकारी तिथे कॅमेरा लावतो, कोण किती वाजता येतं ते बघतो, मग वाऱ्याचा अंदाज घेऊन दबा धरून बसतो. तिकडे परवाना मिळतो, हंगाम ठरलेला असतो.

हे बघता बघता माझ्या पोटात गोळा आला.

कारण दिवाळीत आम्ही मोशीहून बाइकवर सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलो होतो. चौफुल्याहून मोरगावकडे जाताना लागतं. फक्त 5.14 चौरस किलोमीटर. माळ, गवत आणि चिंकारा. चिंकाऱ्याची शिंगं व्हाइटटेलसारखी दरवर्षी गळत नाहीत, तो कुरंगाच्या जातीतला. पण निरोप ठेवायची सवय त्यालाही आहे. नर हद्द सांगायला पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो. सोबतच्या गाईडकाकांनी असा ढीग दाखवला. खालच्या लेंड्या वाळून फिकट, वरच्या काळ्या, ओलसर. "आज सकाळीच येऊन गेलाय," काका म्हणाले. मी फोटो काढला.

आणि बायकर ग्रुपवर टाकला. क्वालिटी जाऊ नये म्हणून डॉक्युमेंट करून! बीटेक केलंय मी, मला कळायला हवं होतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातलं लोकेशन गळून जातं. डॉक्युमेंट पाठवलं की अक्षांश, रेखांश, वेळ, सगळं आत तसंच राहतं. वर माझी कॅप्शन, 'साहेब इथे रोज येतात!' एकाने विचारलं, "सकाळी की संध्याकाळी?" मी उत्साहात सांगूनही टाकलं.

तो बिचारा फोटोग्राफर असेल. असेलच. पण 180 जणांच्या ग्रुपमधले निम्मे लोक मी कधी बघितलेलेही नाहीत.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यात चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे. मारणंच नाही, फास लावणं, आमिष ठेवणं, नुसता तसा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच. शिक्षा 3 ते 7 वर्षं. हे सगळं ठीक, पण फास लावायची जागा मीच वाटली होती ना.

व्हिडिओ बंद करून ग्रुप उघडला. 'सगळ्यांसाठी डिलीट' हा पर्याय येईना, मुदत उलटून गेलेली. सकाळी काकांना फोन करून खरं ते सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुठला ढीग? टाकीजवळचा का? बरं. पहाटे तिकडून चक्कर मारत जाईन."