चार्जशीटचे उत्तर लिहिण्यापूर्वी
(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



या अभ्यासवर्गात आजवर वेतन आयोगावर बोलणे झाले, जुन्या पेन्शनवर झाले, रिक्त जागांवर झाले. आज फळ्यावर ‘मानसिक आजार’ असा विषय लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरून थोडे हसू ऐकू आले. युनियन आता वेड्यांचा दवाखाना काढणार काय, असेही कुणी म्हणाले. हसणाऱ्यांवर आमचा राग नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीही हसलो असतो. आम्ही मॅट्रिक शिकलेले, आयुष्य गेले ते ड्युटीत आणि शाखेच्या कचेरीत. डॉक्टरकी शिकवायला आम्ही उभे नाही. आमच्या शाखेच्या हातून एक चूक झाली, ती तुमच्या शाखेच्या हातून होऊ नये, म्हणून उभे आहोत.

आमच्या शाखेत मालगाडीचे एक ड्रायव्हर होते. पदाचे नाव आता लोको पायलट झाले, पण आपल्या तोंडी ड्रायव्हरच आहे. मूळचे खानदेशातले, नोकरी परप्रांतात, कुटुंब गावी. नाव सांगू नका, बाकी सगळे सांगा, असे त्यांनीच आम्हाला म्हटले आहे. एका पहाटे वळणावर त्यांच्या गाडीखाली एक माणूस आला. ब्रेक लावला म्हणून भरलेली मालगाडी जागच्या जागी थांबत नाही, हे आपल्याला सांगायला नको. मेमो दिला, गाडी पुढे नेली, रनिंग रूममध्ये अंघोळ केली, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी आणली. कागदोपत्री प्रकरण तिथेच मिटले.

माणसाच्या आत ते मिटले नव्हते. ते वळण जवळ आले की हात घामाने भिजायचे. झोपेत दचकून उठायचे. झोप यावी म्हणून आधी थोडी दारू, मग रोजची दारू. घरी फोन करणे कमी झाले. लॉबीतून बोलावणे आले की फोन उचलायचा नाही. असे ४३ दिवस विनापरवाना गैरहजर राहिले आणि हातात एस.एफ.-५ पडली, म्हणजे मोठ्या शिक्षेची चार्जशीट.

ते आमच्याकडे आले. आम्ही काय केले? चार्जशीट उलटसुलट वाचली, साक्षीदारांच्या यादीतली चूक शोधली आणि सहा पानी उत्तर लिहिले. चौकशीत जोरदार भांडलो. नोकरी जाण्यावर आलेले प्रकरण एक वेतनवाढ रोखण्यावर भागले. कचेरीत चहा झाला. जाताना आम्ही त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, “आता दारू सोडा, मन घट्ट करा.” केस आम्ही जिंकली होती. माणूस मात्र आमच्या हातून निसटत चालला होता, ते आम्हाला दिसले नाही.

महिन्याभराने एका रात्री ते गेटवर जाऊन बसले. गेटमन ओळखीचा. त्याने चहा दिला आणि सहज विचारले, “भाऊ, झोप लागते का?” त्या एका प्रश्नावर हा माणूस तासभर रडला आणि म्हणाला, “आता पुरे झालं, जगायचं नाही.” गेटमनने त्यांना एकटे सोडले नाही. सकाळपर्यंत जवळ बसवून घेतले आणि ड्युटी सुटल्यावर स्वतः दवाखान्यात नेले. आमच्या सहा पानांत जो प्रश्न नव्हता, तो गेटमनने विचारला होता.

मग आम्ही डॉक्टरांकडे बसून विषय समजून घेतला. त्यातले कामापुरते सांगतो.

पहिली गोष्ट. हा आजार दुर्मिळ नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. त्याहून वाईट म्हणजे, आजारागणिक पाहिले तर ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. म्हणजे शंभर माणसांच्या डेपोत दहाएक जण असू शकतात आणि त्यांतले बहुतेक कुणाला सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट. दुःख म्हणजे आजार नव्हे. वडील गेले, बदली झाली, मुलीचे लग्न मोडले, तर माणूस खचणारच. पण दिवसभर उदास वाटणे किंवा कशातच मन न लागणे हे रोजच्या रोज दोन आठवडे टिकले, जोडीला झोप बिघडली, भूक गेली, अंगात त्राण नाही, लक्ष लागत नाही, आपणच अपराधी आहोत असे वाटते, मरणाचे विचार येतात, आणि या सगळ्याने कामाचे व घराचे रहाटगाडगे अडू लागले, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. आपले लोक मात्र ‘मन उदास आहे’ असे सांगतच नाहीत. ‘डोके जड आहे, छातीत धडधडते, गॅस झाला, अंग मोडून येते’ असे सांगतात. मग ॲसिडिटीच्या गोळ्यांवर वर्ष निघून जाते.

भयंकर प्रसंगानंतर तो प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येणे, त्या जागेला टाळणे, बारीक आवाजाला दचकणे, हे महिन्याच्या वर टिकले तर तो आघातानंतरचा आजार असतो. आमच्या ड्रायव्हर साथींना तो होता, नैराश्य होते आणि दारूचे व्यसनही होते. तिन्ही एकत्र. आम्हाला फक्त दारू दिसली.

टपालातले साथी म्हणतील, हे गाडीवाल्यांचे झाले. आमच्या ओळखीच्या एका सब पोस्ट ऑफिसातले क्लार्क संध्याकाळी रोकड पाच-पाच वेळा मोजत. घरी गेल्यावर कुलूप बघायला परत येत, कधी रात्री तीनदा. सगळे म्हणत, काय प्रामाणिक माणूस! तो माणूस मात्र आतून पिळवटून गेला होता. हात थांबवायचा म्हटले तर जीव घाबरा व्हायचा. हाही आजार आहे, त्याला मंत्रचळ म्हणतात, आणि त्यावर औषध व वर्तनोपचार दोन्ही आहेत. तेही डॉक्टरांकडे पोचले, पण मोजणीला वेळ लागतो म्हणून दोन मेमो मिळाल्यानंतर.

तिसरी गोष्ट निदानाची. साखर रक्तात दिसते, हाड मोडलेले एक्स-रेत दिसते. नैराश्य असे दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञ विचारून, ऐकून, पाहून निदान करतात. घरच्यांशी बोलतात. थायरॉईड, रक्तक्षय, बी-१२ यांच्या तपासण्याही सांगतात, कारण त्यांच्या बिघाडानेही माणूस असाच खचतो. म्हणून डॉक्टरांना दारू, कर्ज, रात्रपाळी, काहीच लपवू नये. आणि शक्य तिथे आपल्या भाषेत बोलावे. हिंदीत मेमो लिहिता येतो, पण मनातले दुखणे मातृभाषेतच नीट बाहेर पडते. परप्रांतात डॉक्टरांना मराठी येत नसेल, तर रुग्णाच्या संमतीने भरवशाचा साथी बरोबर न्यावा.

चौथी गोष्ट उपचारांची. मानसोपचारतज्ज्ञ हे औषध देणारे डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून व सरावातून उपचार करतात. पुष्कळांना दोन्ही लागतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्या आठवड्यातच होते. आपले साथी तिथेच गोळी सोडतात. बरे वाटल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची नशा लागत नाही. सवय लागते ती मेडिकल दुकानातून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची, आणि त्या घेऊन इंजिनावर चढणे म्हणजे स्वतःसकट इतरांचाही जीव धोक्यात घालणे. आपण गाडी चालवतो, गेट सांभाळतो, रात्रपाळी करतो, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.

दारूविषयी एक धोक्याची सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका दिवसात दारू बंद केली, तर दोन-चार दिवसांत थरथर, फिट्स, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. आम्ही जे पाठीवर थाप मारून सांगितले, ते औषधही नव्हते आणि शहाणपणही नव्हते.

‘शॉक’ची भीती सिनेमाने घातली आहे. तीव्र आजारात तो उपचार आजही देतात, पण भूल देऊन. भूल दिल्याशिवाय शॉक देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यासही बंदी आहे. ही बंदी फुकट आलेली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले.

आता आपल्या कामाचे कायदे. २०१७ च्या याच कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याला उपचार देणे ही सरकारची जबाबदारी ठरते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्यात आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. त्याचे कलम २०(४) असे की, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कामगाराला काढू नये वा पदावनत करू नये. त्या कामास तो योग्य नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, ते नसेल तर जादा पद निर्माण करावे. काही आस्थापनांना सरकार सूट देऊ शकते, तेवढे तपासून घ्यावे.

आणि १७ डिसेंबर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक शाखेच्या फायलीत असावा : रविंदर कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या या अधिकाऱ्याला मंत्रचळ व नैराश्य होते आणि त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू होती. न्यायालयाने ती रद्द केली. गैरवर्तनामागे आजार हे एकमेव कारण असलेच पाहिजे असे नाही, आजार हा कारणांपैकी एक असला तरी अशी कारवाई भेदभाव ठरते, असे न्यायालयाने म्हटले. सहा पानी उत्तर लिहिताना आम्ही फक्त साक्षीदारांची यादी धुंडाळली. आज तशी केस आली तर आम्ही आधी डॉक्टरांकडे जाऊ आणि उत्तराला त्यांचा कागद जोडू.

साथींनो, एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. आपला माणूस आजार लपवतो तो केवळ लाजेने नव्हे. इंजिनावरून उतरवले तर मायलेज बुडते. त्या पैशावर घराचा हप्ता असतो, मुलाचे शिक्षण असते. म्हणून तो पी.एम.ई.ला ‘सगळे ठीक’ म्हणतो. ‘लाजू नका, सांगा’ एवढे म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. म्हणून आमची मागणी आहे : गाडीखाली माणूस आल्यास दोघाही कर्मचाऱ्यांना शक्य तितक्या जवळच्या ठिकाणी बदली माणूस द्या, मायलेज न कापता विश्रांती द्या, आणि त्यांना समुपदेशकाकडे पाठवणे हा नियम करा. ती मेहेरबानी ठेवू नका. रात्रीमागून रात्री सलग लावणे बंद करा आणि रिक्त जागा भरा. गोळी आजारावर चालते, अपुऱ्या माणसांवर चालत नाही.

पण प्रशासन देईल तेव्हा देईल. शाखेने उद्यापासून करायच्या गोष्टी चार आहेत. गैरहजेरीची, दारूची किंवा वारंवार चुकांची चार्जशीट घेऊन कुणी आला, तर उत्तर लिहिण्यापूर्वी त्याला बाजूला बसवून विचारा : झोप लागते का, जेवण जाते का, घरी बोलणे होते का, जगणे नकोसे होते का? हा शेवटचा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. दुसरे, उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना कळवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रेल्वेच्या दवाखान्यात सोय नसेल, तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालू आहे. तिसरे, १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक फलकावर लावा. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केला, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येते. चौथे, जे ऐकाल ते कॅन्टीनमध्ये बोलू नका. एकदा बोललात तर पुन्हा कुणी येणार नाही.

आमचे ते ड्रायव्हर साथी आधी दवाखान्यात राहिले, दारू सुटली, गोळ्या व समुपदेशन दीड वर्ष चालले. इंजिनावर ते परत गेले नाहीत. लॉबीत काम करतात, वेतनश्रेणी राखली गेली, मायलेज गेले ते गेलेच. कुटुंब आता जवळ आणले आहे. ड्युटीवर येणाऱ्या पोरांची सही घेताना ते त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघतात आणि विचारतात, “झोप झाली का रे?” आम्ही हा प्रश्न त्यांच्याकडून आणि त्या गेटमनकडून शिकलो. तो तुमच्या शाखेत न्या, एवढीच विनंती करून आम्ही थांबतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!