स्थूलता, संयम आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

(आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



गिरनारच्या पायथ्याशी डोली ठरविताना यात्रेकरूचे वजन करून त्याप्रमाणे दर सांगण्याची रीत पुष्कळांच्या पाहण्यात असेल. डोलीवाल्याच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नाही. भार त्याच्याच खांद्यावर यायचा असतो. परंतु चार परक्या माणसांदेखत ज्याचा आकडा मोठ्याने सांगितला जातो, त्याच्या मनाचे काय होत असेल, हा विचार क्वचितच होतो. स्थूल व्यक्तीचे असे वजन रोजच होत असते, त्यासाठी गिरनारला जावे लागत नाही. मंगल कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी ती हाताने चाचपून पाहणे, मांडी घालता येत नाही म्हणून प्रवचनात भिंतीकडेची जागा शोधणे, घोरण्याने इतरांची झोप मोडेल या भीतीने यात्रेला जाण्याचेच टाळणे, या गोष्टी कोणत्याही तपासणी अहवालात येत नाहीत. गुडघे, मधुमेह, रक्तदाब यांची नोंद होते. या संकोचाची होत नाही.

या सर्वांवर उपाय एकच सुचविला जातो : तोंडावर ताबा ठेवा. ज्या समाजात ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे, ही बाह्य तपांत गणली जाते, तेथे या उपदेशाला अधिकच धार येते. स्थूल माणूस तो असंयमी माणूस, असे कोणी न बोलताच ठरून जाते. याच समाजात अठ्ठाई निर्विघ्न पार पाडणाऱ्या, वर्षीतप पूर्ण करणाऱ्या स्थूल व्यक्तीही आहेत. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहणाऱ्या स्त्रीच्या ठायी निग्रह नाही, असे म्हणणे निव्वळ अन्यायाचे आहे. तिचे घटलेले वजन पारण्यानंतर दोन महिन्यांत परत येते, याचे कारण तिच्या निग्रहात नसून शरीराच्या रचनेत आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीच्या पेशी या संप्रेरकाद्वारे शरीरातील साठ्याची खबर मेंदूला देत असतात. साठा घटू लागला की मेंदू भूक वाढवितो आणि खर्च आवरता घेतो. दुष्काळ ओळखणाऱ्या जुन्या शरीराचा तो शहाणपणाच आहे. मात्र आजच्या काळात तो उलटा पडतो. अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी करण्यात आली. केविन हॉल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेकांचे वजन पुष्कळसे परत आले होते आणि त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. म्हणजे शेजारच्या माणसाइतकेच खाल्ले तरी यांचे वजन वाढणार. आहार-व्यायामाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. परंतु अतिस्थूलतेच्या पायरीवर ते एकटे बहुधा पुरे पडत नाहीत, इतके मान्य करावयास हवे.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती पुण्यातील आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. दोघांचाही देहभारांक २२.३ इतकाच, मात्र शरीरातील चरबी एकाची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी अधिक असते व ती पोटाभोवती साठते. म्हणून आशियाई लोकांसाठी मोजपट्टी निराळी ठेवावी लागते.

देहभारांक म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. १६० सेंटिमीटर उंची आणि १०० किलो वजन असल्यास तो ३९ येतो. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेला दंडक असा होता की अंक ४० च्या वर, अथवा ३५ च्या वर असून मधुमेहासारखा आजार असल्यास, शस्त्रक्रियेचा विचार करावा. २०२२ मध्ये या शाखेच्या अमेरिकन व आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो सैल केला : ३५ च्या वर आजार असो वा नसो शस्त्रक्रिया सुचवावी, आणि आशियाई व्यक्तींच्या बाबतीत २७.५ पासूनच तिचा पर्याय पुढे ठेवावा. आरोग्य विम्याचा हिशेब मात्र जुन्याच आकड्यांवर बेतलेला आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या अटींत ४०, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५, हे आकडे आहेत आणि इतर उपाय करून पाहिल्याचीही अट आहे. डॉक्टर 'करा' म्हणतात आणि विमा कंपनी 'नाही' म्हणते, याचे मूळ पुष्कळदा या तफावतीत असते. आहारतज्ज्ञ व डॉक्टर यांच्याकडील जुने कागद जपून ठेवावेत.

शस्त्रक्रिया म्हणजे चरबी काढून टाकणे, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. तिचे काम जठरावर व आतड्यावर असते आणि ती दुर्बिणीद्वारे केली जाते. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. भूक जागविणारे घ्रेलिन मुख्यत्वे त्या काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. 'बायपास'मध्ये जठराची लहानशी थैली करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. बायपासची कल्पना आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात मांडली. तीनंतर मधुमेह पुष्कळदा वजन उतरण्याआधीच आटोक्यात येतो. स्लीव्हमध्ये कापलेला भाग परत बसविता येत नाही, हे मात्र सही करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

लाभ किती? स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार स्थूल व्यक्तींचा पाठपुरावा करण्यात आला. निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, निम्म्यांनी नाही. दहा वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन सरासरी १६ टक्क्यांनी कमी राहिले आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने घटले होते. पहिल्या वर्षी यापेक्षा बरेच अधिक वजन उतरले होते आणि त्यातील काही परत आले, हेही त्याच अभ्यासात आहे. जाहिरातीत पहिल्या वर्षाचेच छायाचित्र असते. धोक्याबद्दल सांगावयाचे तर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत ४,७७६ रुग्णांपैकी ०.३ टक्के तीस दिवसांच्या आत दगावले. टाक्यांच्या रेषेतून गळती, पायांत रक्ताच्या गुठळ्या, पुढे पित्ताशयात खडे, काही महिने केस गळणे, या गोष्टी घडू शकतात. हजारातील तीन हा आकडा लहान आहे. त्या तिघांच्या घरी तो लहान नसतो. त्याचबरोबर काहीच न करता वाढत्या मधुमेहासह आणि झोपेत अडणाऱ्या श्वासासह जगणे हेही निर्धोक नसते. निर्णय या दोन धोक्यांमधला आहे.

आता समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात, आणि जठर तर एका वेळी चार-सहा चमच्यांनी भरते. एक वाटी वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरात मुगाच्या धिरड्यासोबत कच्चे दही चालत नाही, म्हणून दही व डाळ यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. दुधापासून केलेली प्रथिनांची भुकटी बहुतेकांना काही महिने तरी घ्यावीच लागते.

पाण्याचा हिशेब याहून अवघड आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी, तेही घोट-घोट, आणि जेवणासोबत नाही. खाल्ल्यानंतर अर्धा तास थांबून. थंडीच्या दिवसांत नवकारशीनंतर सकाळचे आठ वाजतात आणि सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. या दहा तासांत पाच-सहा वेळा खाणे आणि प्रत्येक खाण्यानंतरचा अर्धा तास वगळला, तर पाण्यासाठी उरलेला वेळ ज्याने त्याने मोजून पाहावा. चौविहार करणाऱ्या व्यक्तीने शस्त्रक्रियेपूर्वीच आहारतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगावे आणि साधू-साध्वीजींशीही बोलावे. पाण्याची मोकळीक असलेला तिविहार हा मार्ग परंपरेतच आहे. पहिल्या वर्षात अठ्ठाईसारखे दीर्घ उपवास टाळावेत. सतत उलट्या होत असताना किंवा अन्न जात नसताना थायामिन हे जीवनसत्त्व झपाट्याने घटते आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर होऊ शकतो.

जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतीजन्य आहारात नसते, दुधातून थोडे मिळते. शाकाहारी घरांत ते बहुधा आधीच कमी असते. शस्त्रक्रियेनंतर जे पोटात जाते तेही नीट शोषले जात नाही. त्यामुळे बी-१२, लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्व डी ही आयुष्यभराची सोबत ठरते. बी-१२ चे इंजेक्शन प्राणिजन्य नसते. मात्र अनेक कॅप्सूलचे आवरण प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे असते. गोळी किंवा वनस्पतीजन्य आवरणाची कॅप्सूल मागून घ्यावी. रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी देतात ते हेपरिन वराहाच्या आतड्यापासून बनते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. फॉन्डापॅरिनक्स हे पूर्णतः रासायनिक रीतीने तयार होणारे औषध काही रुग्णांत चालते. हा प्रश्न आधीच्या भेटीत विचारावा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो विचारण्याची वेळ येऊ देऊ नये.

निर्णय कोणी घ्यावा? ज्याचे शरीर त्याने. मुलीचे लग्न जमावे म्हणून घरच्यांनी तिला शस्त्रक्रियेसाठी नेणे हे योग्य कारण नव्हे. शिवाय शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावयास सांगतात. ते सासरी लपवून ठेवल्यास पुढे सर्वांनाच जड जाते. लपवालपवी एकूणच घातक आहे. दहा वर्षांनी रक्तक्षय झाल्यास नव्या डॉक्टरला जुनी शस्त्रक्रिया ठाऊक असावी लागते. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा वृत्तपत्रांत उघड चर्चा झाली, त्याने अनेकांची भीड चेपली.

२०२५ पासून भारतात वजन घटविणारी साप्ताहिक इंजेक्शनेही मिळू लागली. मार्चमध्ये टिर्झेपटाइड, जूनमध्ये सेमाग्लुटाइडची अधिक मात्रेची आवृत्ती. चाचण्यांत त्यांनी सरासरी १५ ते २० टक्के वजन उतरले. थांबविल्यावर ते बरेचसे परत येते, म्हणून किती वर्षे घ्यावयाचे आणि खर्च किती, हे आरंभीच विचारून घ्यावे. ज्यांचा अंक ३०-३२ च्या घरात आहे त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी हा मार्ग डॉक्टरांबरोबर तपासून पाहण्यास हरकत नाही.

शस्त्रक्रिया ठरली, तर आधीचे सुमारे दोन आठवडे यकृत आकसावे म्हणून अल्प कॅलरींचा, बहुतांशी द्रव आहार देतात. त्यानंतर पहिले काही दिवस पातळ पदार्थ, मग मऊ खिचडी, मग नेहमीचे अन्न बारीक चावून. घरात लग्न किंवा पारण्याचा समारंभ असेल तर तारीख त्याच्या पुढची घ्यावी. 'एवढेसेच का वाढून घेतले?' असा आग्रह करणारे पाहुणे त्या दिवसांत घरी नसलेले बरे.

जय जिनेंद्र.