विमानाच्या ब्रेकची नळी



मुंबईत कांदिवलीला अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते प्रदर्शनात लोकांनी पाहिले. इंजिनाविषयी पुष्कळ बोलणे झाले. आमची उठबस वाशिमच्या जीपवाल्यांत. तेव्हा आम्हांला प्रश्न पडला तो असा, की घरी विमान बांधणाराने ब्रेकची नळी कशाची घ्यावी?

शाळा आमची लवकर सुटली. कळले ते गॅरेजात आणि पुस्तकांतून. लहान विमानात वैमानिक चवड्याने पेडल दाबतो आणि तेलाचा दाब नळीतून चाकाला पोचतो. डाव्या चाकाची नळी निराळी, उजव्याची निराळी. एक फुटली की एकच चाक अडते व विमान त्या अंगाला ओढले जाते.

तांबे वळवायला सोपे, पण हादऱ्यांनी ते ताठर होऊन चिरते, ते नकोच. सांगाड्याला बांधून न्यायची तेथे मऊ ॲल्युमिनियम बरे. नायलॉन हलके, आतला बुडबुडाही दिसतो. परंतु चाकापाशी ब्रेक तापला की ते मऊ पडते, आणि विमानाचे तांबडे खनिज तेल तापल्या ब्रेकवर सांडले तर पेट घेऊ शकते. म्हणून चाकाजवळचा, हालता तुकडा टेफ्लॉनचा, वरून पोलादी तारेची वीण असलेला घ्यावा. दोन पैसे जास्त पडतात, पडू द्यावेत.

जोडही पाहावा. विमानाच्या नळीचे तोंड ३७ अंशांनी पसरतात, मोटारीचे बहुधा ४५. डोळ्यांना फरक दिसत नाही, नट आवळलाही जातो. मग गळती लागते.

पैशांवरून आठवले. पातूरच्या घाटात एका खासगी जीपचा ब्रेक गेला. माणसे वाचली, ड्रायव्हरचा पाय गेला. मालकाने कागदावर लिहिले, ‘चालकाचा निष्काळजीपणा’. गंजलेली नळी मध्येच कापून तेथे पेट्रोलची रबरी नळी क्लिपांनी आवळली होती, हे कोणी लिहिले नाही. मिस्त्रीने तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून रात्री आमच्या घरी आणून दिला. “साहेब, मीच बसवला, मालक म्हणाले, आठ दिवस चालव,” एवढेच तो बोलला. पुढच्या बैठकीत आम्ही तो तुकडा मालकापुढे टेबलावर ठेवला. ड्रायव्हरला भरपाई मिळाली. मिस्त्रीची नोकरी मात्र गेली, ती आम्हांला परत मिळवून देता आली नाही.

गच्चीवर विमान बांधणारा स्वतःच मालक, स्वतःच मिस्त्री, आणि पेडलवर पायही त्याचाच.