भिवंडी ते विमान



मुंबई ते वाराणसी हवाई अंतर साधारण साडेबाराशे किलोमीटर. रेल्वेने तेच सुमारे दीड हजार होतं, आणि कल्याणला गाडी पकडलीत तर एक अख्खा दिवस त्यातच जातो. विमानाच्या तिकिटावर मात्र जेमतेम सव्वादोन तास लिहिलेले असतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर काम करणारे कितीतरी जण पूर्व उत्तर प्रदेशातले. घरून अचानक निरोप आला की उसनवारी करून हे तिकीट काढलं जातं. अशा माणसाचं विमान चुकू नये, एवढ्यासाठीच हे बोलतो आहे.

विमान ताशी आठशेच्या पुढे जातं. त्या हिशोबाने वाराणसीला दीड तास पुरायला हवा. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून मोजतात, पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. उड्डाणासाठी रांग लागते, उतरताना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. पावसाळ्यात तर जास्तच.

आखाताचं तिकीट आणखी चकवतं. सकाळी दहाला मुंबई सोडलेलं विमान पावणेबाराला दुबईत उतरलेलं दिसतं. प्रवास मात्र सव्वातीन तासांचा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची छापलेली. येताना उलट होतं. दुपारी दोनला निघालेलं विमान इथे साडेसहाच्या सुमारास पोचतं, म्हणजे कागदावर साडेचार तास, प्रत्यक्षात तीन. त्यातही उंचावरचे पश्चिमेचे वारे पाठीशी असले की येताना काही मिनिटं वाचतात. घ्यायला जाणाऱ्यांनी उतरण्याची वेळ तेवढी पाहावी. ती भारतातलीच असते.

आता आपला रस्ता. अंजूरफाटा, काशेळीचा पूल, माजिवडा, मुलुंड, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. पहाटे तासाभरात पार होतं, पण गोदामांचे कंटेनर रस्त्यावर आले की त्याच अंतराला दोन-अडीच तास लागतात. राजनोली, मानकोलीवरून गेलात तरी माजिवड्याची गर्दी काही सुटत नाही. वाराणसीला पोचायला लागतो तेवढा वेळ मुंबईचं सहार विमानतळ गाठायलाच लागू शकतो, आणि हा वेळ कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो.

एक नवी गोष्टही लक्षात ठेवा. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकिटावर बीओएम असेल तर मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई. तिथे जायचं तर मुंब्रा बायपास, शिळफाटा धरावा लागतो. सहारला पोचून चूक कळली तर विमान गेलंच समजा. वाचता येत नसेल तर तिकीट काढून देणाऱ्याकडून हे आधीच विचारून घ्या.

देशातल्या विमानांचा काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो, गेट त्यानंतर विमान सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. मग विनवण्या करून उपयोग होत नाही. म्हणून हिशोब शेवटाकडून मांडा. सकाळी नऊचं विमान असेल, तर सातला टर्मिनलच्या दारात हजर, आणि पाचच्या आत भिवंडी सोडलेली हवी.