जबलपूरकरांच्या वतीने : स्वागताध्यक्षीय भाषण

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, ठिकठिकाणच्या विद्यापीठांतून आलेले प्राध्यापक आणि मार्गदर्शक, आणि ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थी,

नर्मदाकाठच्या या गावात स्वागत समिती आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. रात्रभराच्या प्रवासाने अनेकांचे डोळे जड झाले आहेत, हे समितीला दिसते आहे. तरीही गावाची ओळख करून दिल्यावाचून पाहुण्यांना पानावर बसवणे यजमानाला शोभत नाही.

मुंबईकडचे प्रतिनिधी ज्या लोहमार्गाने आले, त्याचा इतिहास जबलपूरला तोंडपाठ आहे. मुंबईची जीआयपी रेल्वे आणि कलकत्त्याकडची ईस्ट इंडियन रेल्वे १८७० च्या मार्चमध्ये इथेच एकमेकींना मिळाल्या. मराठी माणूस मात्र आगगाडीची वाट पाहत थांबला नव्हता. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि तोफगाड्यांचा कारखाना यांतल्या नोकऱ्यांपायी मराठी कुटुंबे येत राहिली. ओसरीवर हिंदी आणि माजघरात मराठी असा त्यांचा संसार आजही चालतो.

भेडाघाट पाहायला जाणाऱ्यांनी वाटेत तेवर या खेड्यात जरूर उतरावे. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. १९३९ चे काँग्रेस अधिवेशन भरले तेही याच नावाने. या राजवंशाचे कोरीव लेख वाचून त्यांचा ग्रंथ सिद्ध केला तो कोकणातल्या कुवळे गावी जन्मलेल्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी. त्रिपुरीचे उत्खनन केले ते सागर विद्यापीठाच्या मो. गं. दीक्षितांनी. दोघांचे ग्रंथ १९५५ या एकाच साली प्रसिद्ध झाले. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात अडकलेल्या विद्यार्थ्याने मिराशींचे ते जाडजूड खंड एकदा हातात घ्यावेत. एकेका अक्षरापाशी किती काळ थांबावे लागते, ते त्यात दिसते.

विद्येची परंपरा पुढेही अखंड राहिली. सागरला १८३६ मध्ये सुरू झालेले आणि १८७३ मध्ये इथे आलेले रॉबर्टसन कॉलेज, १९४७ चे अभियांत्रिकी महाविद्यालय, १९५६ चे विद्यापीठ, ज्याला आज राणी दुर्गावतींचे नाव आहे. आणि अधारतालचे कृषी विद्यापीठ, १९६४ चे. अधारताल हा तलाव राणीचे दिवाण अधारसिंह यांचा, राणीताल खुद्द राणीचा आणि चेरीताल तिच्या दासीचा, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने जबलपूर पाहिले नसेल, पण ‘जेएस ३३५’ त्याला ठाऊक आहे. सोयाबीनचा हा वाण तयार झाला सीहोरच्या कृषी महाविद्यालयात, आणि ते महाविद्यालय तेव्हा इथल्याच कृषी विद्यापीठाखाली होते. असा वाण काही एका हंगामात होत नाही. फुलोऱ्याच्या तारखा आणि शेंगांचे आकडे टिपत कितीतरी विद्यार्थी उन्हात प्लॉटवर उभे राहतात. बियाण्याच्या पिशवीवर त्यांचे नाव येत नाही. या व्यासपीठावर तरी त्यांचा उल्लेख व्हावा, अशी समितीची इच्छा होती.

एका माणसाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे. माधवराव सप्रे. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्यांना मानाचे पान आहे, पण मराठी घरांत त्यांचे नाव आता क्वचितच निघते. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियात एका मराठी कुटुंबात ते जन्मले. शिक्षण झाले तुकड्यातुकड्यांनी. बिलासपूर, रायपूर, जबलपूर, ग्वाल्हेर अशी गावे बदलत. पदवीनंतर सरकारी नोकरीचा मार्ग सोडून त्यांनी १९०० मध्ये पेंड्र्यासारख्या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले. पैशाअभावी ते थोड्याच वर्षांत बंद पडले. १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केला आणि पुढच्याच वर्षी राजद्रोहाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांच्या निकराच्या दबावाखाली त्यांनी माफीपत्रावर सही केली. तुरुंगातून सुटले, पण त्या सहीने हा माणूस आतून खचला. सार्वजनिक जीवन सोडून ते रामदासी संप्रदायाच्या आश्रयाला गेले आणि भिक्षेवर राहिले.

त्यांची गोष्ट इथे संपली असती. त्यांना सावरले ते रामदासी मंडळींच्या सहवासाने आणि हातात आलेल्या कामाने. समर्थांचा दासबोध त्यांनी हिंदीत आणला. पुढे लोकमान्यांचे गीतारहस्यही त्यांच्याच लेखणीने हिंदी वाचकांपर्यंत पोचले. आणि १९२० मध्ये याच जबलपुरातून ‘कर्मवीर’ निघाला, तेव्हा त्यामागे सप्रे होते. स्वतः मागे राहून संपादकपद त्यांनी ऐन तिशीतल्या माखनलाल चतुर्वेदींना दिले. उत्तम मार्गदर्शक कसा असतो, हे सांगायला जबलपूरकरांना दूर जावे लागत नाही.

परिषदेचा विषय तज्ज्ञ मांडतीलच. पण तयारीच्या बैठकांत कळलेली एक गोष्ट समितीच्या मनातून जात नाही. २०१८ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त एक पाहणी आली. २६ देशांतले २,२७९ विद्यार्थी, बहुतेक पीएच.डी. करणारे. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत त्यांच्यात नैराश्य आणि चिंतेचे प्रमाण सहापटीहून अधिक आढळले. आपल्याकडे नियम आता बरे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात. महिलांना मुदतीत दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय मातृत्व व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली. पण ती सर्वांना मिळत नाही आणि खोलीचे भाडे तर सर्वांनाच दर महिन्याला भरायचे असते. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. हे फार चांगले झाले. तथापि रविवारी संध्याकाळी मेस बंद असताना परगावच्या मुलीला जेवायला बोलावणारे घर कोणत्याही आदेशाने मिळत नाही. ते गावानेच द्यायचे असते.

आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात दिवस, सात घरे. ती सोय मोजक्या जातींपुरती होती, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. ते दार सर्वांना उघडले शाहू महाराजांच्या कोल्हापुरातल्या वसतिगृहांनी आणि भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या १९२४ च्या बोर्डिंगने. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली ती याच वाटेने. तेव्हा स्वागत समितीचा प्रस्ताव असा आहे : जात, भाषा, प्रांत न विचारता इच्छुक कुटुंबांनी बाहेरगावच्या एकेका संशोधकाला आपल्या घरचे करावे. उच्च न्यायालय, पश्चिम मध्य रेल्वे आणि वीजमंडळ यांतून निवृत्त झालेली अनुभवी मंडळी या गावात पुष्कळ आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी आणि अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय विचारतात, अध्यापनाखेरीज कोणत्या वाटा आहेत, हे मुलांशी बोलावे. दाराशी ठेवलेल्या वहीत काही जबलपूरकरांनी सकाळीच नावे लिहिली आहेत. बाकीच्यांनी चहाच्या वेळी लिहावीत.

आता क्षमायाचना. वसतिगृहाच्या खोल्या कमी पडल्याने काही प्रतिनिधींची सोय ग्वारीघाटच्या धर्मशाळेत करावी लागली, आणि तिथून सभागृह लांब आहे. बस सकाळी साडेआठला आणि पुन्हा नऊला सुटेल. गरम पाणी सहा ते आठ मिळेल. वरच्या मजल्यावर दाब कमी आहे, तिथे स्वयंसेवक बादल्या पोचवतील. पथ्याचे जेवण हवे असणाऱ्यांनी आदल्या रात्री सांगावे. लहान मुलांसह आलेल्या संशोधक मातांसाठी सभागृहामागची खोली राखून ठेवली आहे. ती छोटी आहे, याबद्दल समितीला खेद वाटतो.

देणगीदारांचे ऋण मोठे आहे. सराफ्यातल्या व्यापाऱ्यांनी आपण होऊन वर्गणी आणून दिली. गोल बाजाराजवळच्या मराठी घरांतल्या महिलांनी उद्याच्या पुरणपोळीचा भार उचलला. बड्या फवाऱ्याजवळच्या एका हलवायाने खव्याची जिलेबी पाठवली आणि नाव जाहीर करू नका असे बजावले. एका निवृत्त शिक्षिकेने पेन्शनमधून काही विद्यार्थ्यांचे रेल्वेभाडे दिले. मांडववाले, ध्वनिक्षेपकवाले आणि आठवडाभर रात्री जागलेले विद्यार्थी स्वयंसेवक, सर्वांचे आभार.

प्रत्येकाच्या बिल्ल्यामागे दोन दूरध्वनी क्रमांक छापले आहेत : स्वागत कक्षाचा, आणि मानसिक आधारासाठी रात्रंदिवस चालणाऱ्या ‘टेली-मानस’चा, १४४१६. आता अध्यक्षांनी स्थान ग्रहण करावे आणि पहिल्या सत्राला आरंभ करावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे.